नुसते होय

मुडबी,
शनिवार, दि. १८ जानेवारी १९६४

ति. करुणाक्का व दाजी यांस धाकट्या येसप्पाचा सप्रेम सलाम. वि. वि.

नाताळानंतरचे तुझे पत्र पोचले. आई बरी आहे. दाजींनी कमरेसाठी पाठवलेले मलम ती गुडघ्याला लावते आणि कमरेला लावले असे कळव म्हणते. मी खरे ते लिहिले. हरभरा घाटे धरतो आहे. आपल्या मंडळीच्या प्रार्थनाघराच्या छपराला नवे पत्रे पडले. पाळकसाहेब एका रविवारी येतात, एका रविवारी येत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. आपल्या शेताला लागून राजूबाईचे शेत, आणि तिच्या पलीकडे तिचा दीर किशनराव याचे. त्या दोघांच्या हद्दीच्या धुऱ्यावर उंच दगड होता आणि राजूबाईची विहीर त्या दगडाच्या अलीकडे होती, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. नवरा गेल्यापासून ती बाई एकटीच शेत करते. या महिन्याच्या सुरुवातीला ती मुलीला, अन्नपूर्णेला, घेऊन माहेरी कमठाण्याला गेली होती. तेव्हा एका पहाटे मी तुरीच्या पेंढ्या बांधत बसलो असताना किशनरावाने दोन गडी लावून पहारीने तो दगड उपटला आणि विहिरीच्या अलीकडे आणून रोवला. त्यांनी मला पाहिले नाही. मी पाहिले.

राजूबाई परत आली तर विहीर दिराच्या शेतात. किशनराव तिला म्हणतो की दगड पहिल्यापासून इथेच हाय, बाईमाणसाला धुरा कामून कळंल. मी तिला पाहिलेले सांगितले. तिने मोजणीसाठी अर्ज दिला आहे, पण मोजणीदार पावसाळ्याआधी येत नाही म्हणतात, आणि तिचा कांदा आताच पाण्याला आला आहे. म्हणून पुढच्या रविवारी मल्लण्णाच्या देवळापुढे पंच बसणार आहेत. साक्षीदार मी एकटाच.

अडचण इथे आहे, अक्का. तिथे जो साक्ष देतो त्याला ताटातला मल्लण्णाचा भंडारा मुठीत घ्यावा लागतो आणि खोटे बोललो तर माझ्या घराचे वाटोळे होवो असे म्हणावे लागते. आपल्याला तर कसलीच शपथ वाहायची नाही असे शिकवले आहे. स्वर्गाचीही नाही, मग या हळदीची कशी वाहू? पण गावात आपली घरे बोटावर मोजण्याइतकी. आपल्यातल्या एकाने शिंदी प्यायली तर सगळी मंडळी प्याली असे गाव म्हणते. सगळ्यांचे डोळे माझ्यावर असणार. दाजींना विचारून लवकर कळव. मला जेवण गोड लागत नाही.

प्रार्थनेत आठवण असू दे आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ,
येसप्पा

मैलूर, बिदर,
२२ जानेवारी १९६४

चि. येसप्पास अक्काचे व दाजींचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे शाळेतल्या फळ्यासारखं. एक अनुस्वार सुटला नाही. सातवीत गणितानं तुला पाडलं नसतं तर आज तू इथं मास्तर असतास आणि पोरं तुझ्या ऱ्हस्व-दीर्घानं रडली असती. दाजी दवाखान्यात कंपाउंडर आहेत, पण त्यांचं अक्षर पाहून डॉक्टरसुद्धा हसतात. त्यांना तुझं पत्र दाखवलं, तर म्हणाले की औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठ्या लिहायला यालाच बोलावू या.

मलमाचं आईला विचारू नकोस. दुसरी डबी पाठवते, ती तरी कमरेला लागो.

आता तुझ्या अडचणीचं. यात अडचण कसली रे? भंडारा उचलू नकोस. उभा राहा, पाहिलंस ते सांग आणि बस. आपल्या अप्पानं त्याच गावात जन्मभर काम केलं, कधी कशावर हात ठेवला नाही, आणि अप्पा म्हणाला म्हणजे झालं असं लोक म्हणायचे. तू त्याचाच मुलगा. जो रोज खरं बोलतो त्याला शपथेची गरज पडत नाही, हे लोकांना दिसलं तर चांगलंच आहे. आपण जगापुढं असंच राहायचं. दाजींचंही हेच मत आहे.

राजूबाईचा पक्ष मात्र सोडू नकोस. मी लहान असताना तिनं मला बांधावर बसवून हुरडा खाऊ घातलाय. भाकरी मात्र वरून टाकायची, ते सोड. त्या काळात सगळेच तसं करायचे.

जेवण नीट कर. घाबरटपणा कमी कर आणि आमच्यावरचा लोभ वाढव.

अक्का

मुडबी,
मंगळवार, दि. २८ जानेवारी १९६४

ति. करुणाक्कास येसप्पाचा सलाम. वि. वि.

तू सांगितलेस तसेच केले. काय झाले ते क्रमाने लिहितो.

रविवारी सकाळी आम्ही प्रार्थना लवकर आटोपली आणि मी देवळापुढे गेलो. पायरीवर महादेवप्पा पंच बसला होता. पुढे पितळेच्या ताटात भंडारा. मी उभा राहून सगळे सांगितले. पहार, दोन गडी, किशनराव धुऱ्यावर उभा होता ते, दगड कसा कुठे रोवला ते.  सगळे ऐकत होते आणि मला वाटले की त्यांना पटले. मग महादेवप्पाने ताट माझ्याकडे सरकवले. मी म्हणालो की आम्ही शपथ वाहत नाही, माझे होय म्हणजे होय समजा.

तेव्हा मागून कोणीतरी हसला आणि म्हणाला, खरं हाय तर हळदीला कामून भ्यायलास? दुसरा म्हणाला, किरिस्तावाला आपल्या देवानं काय केलं असतं, खोटं नसंल तर? किशनराव मोठ्याने म्हणाला की त्याच्या देवालाच त्याची खात्री न्हाई, आपण कशाला धरावी. लोक हसले. 

पण अक्का, एक गोष्ट मी पाहिली आणि ती माझ्या मनातून जात नाही. मी बोलत होतो तोवर किशनराव माझ्याकडे बघत नव्हता, ताटाकडे बघत होता. दोनदा पाणी मागून प्याला. इथली रीत अशी आहे की साक्षीदाराने भंडारा उचलला की ज्याच्यावर आळ आहे त्यालाही उलट उचलावा लागतो. साक्षीदाराने नाही उचलला तर त्याला विचारतच नाहीत. मी उचलला नाही. महादेवप्पाने ताटावर फडके टाकले, तसे किशनरावाने उपरण्याने तोंड पुसले आणि पाय पसरून बसला. तो कधीच उचलणार नव्हता. मल्लण्णाचे त्याला खरोखर भय आहे. मी न उचलल्यामुळे तो सुटला.

विहीर त्याची ठरली. राजूबाई मुलीचा हात धरून गेली.

संध्याकाळच्या उपासनेला पाळकसाहेब आले होते. त्यांनी मला मंडळीपुढे उभे केले आणि म्हणाले की या तरुणाने अविश्वासी जगासमोर उत्तम साक्ष दिली. सगळ्यांनी माझ्याशी हात मिळवले. देवळापुढे जिला गवाही म्हणतात तिलाच आपण साक्ष म्हणतो ना? सकाळी ती पडली. संध्याकाळी तिचेच कौतुक झाले. मला मान वर करवेना.

काल मी ओढ्यातून कावडीने पाणी आणून तिच्या कांद्याला घालू लागलो. राजूबाईने येऊन कावड खाली ठेवायला लावली. म्हणाली, येसप्पा, मला त्या दिवशी तुझा हात पाहिजे होता, आज पाणी नगं.

पंच पुन्हा बसले तर मी भंडारा उचलू का? हे विचारणेही पाप आहे का, तेही लिही.

ओढ आहे ती राहू दे, एवढेच मागतो.

येसप्पा

मैलूर,
३ फेब्रुवारी १९६४

चि. येसप्पास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस उशीखाली ठेवून झोपतेय. मागच्या वेळी मी किती सहज लिहिलं की यात अडचण कसली! मैलुरात बसून लिहायला अडचण नव्हतीच. विहीर गेली ती राजूबाईची.

दाजींशी माझं भांडण झालं. ते म्हणतात की येसप्पानं बरोबरच केलं, निकाल देवाच्या हाती. मी म्हटलं, बरोबर केलं तर मग मला घास का उतरत नाही? ते म्हणाले, तुझं मन हळवं आहे. मी म्हटलं, माझं मन हळवं आणि तुमचं रिकामं. त्यावर ते चहा न घेताच दवाखान्यात गेले. संध्याकाळी येताना केळी घेऊन आले, म्हणजे भांडण मिटलं, पण प्रश्न मिटला नाही.

उचलू का म्हणून विचारलंस. मी उचल म्हणणार नाही. जे तू मानत नाहीस त्याचा हात धरून खरं बोलायचं, हे एक प्रकारचं खोटंच होईल. विचारणं पाप नाही. पण एक सांगते. आपण निर्मळ राहायचं आणि त्याची किंमत शेजारणीनं भरायची, याला साक्ष म्हणता येत नाही. पाळकसाहेबांनी कितीही हात मिळवले तरी.

मला तुझं पत्र वाचताना एक दिसलं, ते तुला दिसलं नाही. का उचलला नाहीस हे तू पंचांना सांगितलंस, मंडळीला सांगितलंस, मला दोन पानं लिहिलीस. राजूबाईला सांगितलंस का? तिच्याकडं तू कावड घेऊन गेलास. रिकाम्या हातानं जा. बस आणि नीट सांग. शिव्या दिल्या तर ऐकून घे, आणि परत सांग.

आम्हा दोघांची माया आहे, तुला नको असली तरी.

अक्का

मुडबी,
सोमवार, दि. २४ फेब्रुवारी १९६४

ति. करुणाक्का व दाजी यांस सलाम. वि. वि.

हे पत्र घेऊन आलेली बाई म्हणजे राजूबाईच, आणि खांद्यावर आहे ती अन्नपूर्णा. तिला ताप आहे. आधी तिला दाजींबरोबर दवाखान्यात पाठव, मग पुढचे वाच.

तुझे पत्र आल्यावर मी तिच्याकडे गेलो. ती कांद्यात खुरपत होती. तिने बस म्हटले नाही, मी बसलो. मी सांगितले की आमच्यात माणसाचा प्रत्येक शब्द असा असावा की त्याला आधाराला काही लागू नये, म्हणून मी उचलला नाही, किशनरावाला घाबरून नाही. ती म्हणाली, म्हंजे तू रोजच भंडारा उचलल्यागत बोलतोस? मी म्हणालो, तसा प्रयत्न करतो. ती पुन्हा खुरपू लागली. मला वाटले, तिला पटले नाही.

नऊ तारखेच्या रविवारी तिने पुन्हा पंच बसवले. मला सांगितले नव्हते. मी प्रार्थनेहून परतताना गर्दी दिसली म्हणून थांबलो. महादेवप्पाने तिला विचारले की तू स्वतः काय पाहिलेस. ती म्हणाली की मी काही पाहिले नाही, मी कमठाण्याला होते. पण येसप्पाने पाहिले, तो उचलत नाही, म्हणून त्याच्या शब्दावर मी उचलते. आणि अक्का, तिने उजव्या मुठीत भंडारा घेतला आणि डावा हात अन्नपूर्णेच्या डोक्यावर ठेवला. मी ओरडलो की नको, काकू, असे करू नका. महादेवप्पा मला म्हणाला की तू खाली बस, तुझं झालं बोलून.

मग ताट किशनरावापुढे गेले. तो उठला आणि म्हणाला की एका दगडासाठी भावजयीशी काय भांडायचं, म्हणेल तिथं रोवा. ताटाला हात लावला नाही. त्याच दिवशी दगड जागेवर गेला, विहीर तिला मिळाली. गाव म्हणते की येसप्पा खरा निघाला. लोक मला आपण होऊन हाक मारतात.

पण हे इथे संपत नाही. भंडारा उचलला की सव्वा महिन्याची मुदत असते. तेवढ्यात उचलणाऱ्याला किंवा ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याला काही झाले, तर शपथ खोटी ठरते. मग मी खोटा, दगड परत अलीकडे, आणि ती बाई पोरीचा घात करणारी. गुरुवारपासून पोर तापाने फणफणली आहे. बायका बघायला येतात आणि जाताना एकमेकींना मुदतीचे दिवस विचारतात. किशनरावाच्या घरून तर रोज कोणीतरी येते.

त्या हळदीवर माझा विश्वास नाही. तरी दिवसभर प्रार्थना करतो की पोरीला शिंकसुद्धा येऊ नये. आणि मग मलाच कळत नाही की ही प्रार्थना पोरीसाठी आहे की माझ्या नावासाठी. माझे हात स्वच्छ राहिले. तिचे पिवळे झाले.

बस आपल्या तालुक्याच्या कल्याणहून सुटायची आहे, म्हणून थांबतो. त्यांना घरात घे. लोभ मला नको, या दोघींना दे.

येसप्पा

मैलूर,
२ मार्च १९६४

चि. येसप्पास आशीर्वाद. वि. वि.

आधी पोरीचं. ताप अजून आहे, पण उतरणीला लागलाय. डॉक्टर म्हणतात की औषध नीट चाललं तर धोका नाही, मात्र दिवस घेईल. काल भाताची पेज पोटात राहिली आणि आमच्या मांजरीचं नाव काय म्हणून विचारलं. मांजरीला नाव नव्हतं. आता आहे. ते तिनं ठेवलंय, ती आल्यावर तुला सांगेल.

पण पहिल्याच दिवशी काय झालं ते ऐक. डॉक्टरांनी पोरीला तपासलं आणि राजूबाईला सांगितलं की बाई, हा मुदतीचा ताप आहे.  भिंतीला टेकून ती म्हणाली, डाक्टरला बी कळलं. मला आधी उमगेना. मग उमगलं! तुमच्या मुडबीच्या पंचांनी नेमलेली मुदत या बिदरच्या डॉक्टरला पोरीच्या अंगात दिसली, असं तिला वाटलं. दाजींनी परोपरीनं समजावलं की या तापाचं नावच तसं, ठरावीक दिवस राहतो म्हणून. पाण्यातून येतो, हळदीतून नाही. ती मान हलवत राहिली. पटलं असं मी म्हणणार नाही.

इथं ती अंगणात तीन दगड मांडून स्वतःची भाकरी करते.  परवापासून माझ्या हातचा चहा घेते. रात्रीच्या प्रार्थनेला दारात बसते. ऐकत नाही, पण उठूनही जात नाही. काल मला म्हणाली, तुमचा देव तापाला काय करतो? मी म्हटलं, डॉक्टरकडं पाठवतो. तेव्हा पहिल्यांदा हसली.

आणि आज सकाळी, पोर झोपलेली असताना, तिनं मला विचारलं. डोळे खाली घालून विचारलं. येसप्पानं खरंच पाहिलं होतं ना, अक्का? अंधारात दुसरं कोण न्हवतं ना?

मला आधी राग आला. माझ्या भावाला काय समजते ही! मग वाटलं, तिनं पोरीचं डोकं तुझ्या शब्दाखाली ठेवलंय. हे विचारायचा तिच्याएवढा हक्क पाळकसाहेबांनाही नाही. मी हो म्हणू शकले असते. पण मी तिथं नव्हते, आणि माझं हो म्हणजे बहिणीचं हो. म्हणून म्हटलं की त्यालाच विचारते.

तेव्हा मला लिहू नकोस. तिला लिही. मी वाचून दाखवीन, एक अक्षर इकडचं तिकडं करणार नाही.

आशीर्वाद तेवढे माझे धर.

अक्का

मुडबी,
गुरुवार, दि. ५ मार्च १९६४

गं. भा. राजूबाई काकूंस येसप्पाचा नमस्कार. वि. वि.

तुम्ही विचारले ते बरे केले. मी पाहिले ते लिहितो, आणि नाही पाहिले तेही लिहितो.

पहाट होती. दगड उपटेपर्यंत चांगले उजाडले होते, अंधार नव्हता. किशनराव तुमच्या धुऱ्यावर उभे होते. थुंकायला वळले तेव्हा त्यांचा पूर्ण चेहरा मला दिसला. पहार एका गड्याच्या हातात होती, दुसरा गडी दगडाला खांदा लावून होता. दगड तिघांनी मिळून रोवला. ते आपसात काय बोलले ते मला ऐकू आले नाही, म्हणून ते मी पंचांनाही सांगितले नाही. माझ्याकडून ओळखण्यात चूक झालेली नाही. मी पाहिले होते का, असे विचारता. होय.

याच्यापुढे मी एक ओळ लिहिली होती आणि खोडली. हे खोटे असेल तर अन्नपूर्णेचा ताप मला येवो, अशी ती ओळ होती. लिहिल्यावर कळले की ही शपथच झाली, फक्त हळद नाही. म्हणून खोडली. अक्काला ती खोडलेली दिसेल. ती तुम्हाला वाचून दाखवायलाही हरकत नाही.

काकू, शपथ सोडून नुसते होय म्हणणे हलके असते असे मला वाटत होते. त्या रविवारी ते हलकेच होते, कारण माझ्यावाचून त्याच्याखाली कोणी नव्हते. आता अन्नपूर्णा आहे. आता ते जड आहे. तरी ते होयच आहे.

गावात मुदतीचे बोलणे चालूच आहे. काल मी महादेवप्पांना भेटून सांगितले की पोरीला पाण्यातला ताप आहे, डॉक्टरांनी तसे सांगितले. ते म्हणाले की बघू. म्हणजे गावातून कळवावी अशी चांगली बातमी नाही. किशनराव दगडाजवळून जाताना थांबतात. मी रोज तुमच्या कांद्याला पाणी देतो. तुमच्याच विहिरीचे देतो, ओढ्याचे नाही, म्हणून आता नको म्हणू नका. पात उभी आहे.

शनिवारच्या बसने मी बिदरला येतो. तुम्ही मला समोर बसवून विचारा. आज विचारले तेच पुन्हा विचारा, पोरीचा ताप चढला तर तेव्हा विचारा, उतरला तरी विचारा. मी प्रत्येक वेळी उत्तर देईन. कंटाळणार नाही आणि रागावणार नाही.

माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही, ते विचारून झाल्यावर तुम्ही ठरवा.

आपला शेजारी,
येसप्पा